खिडकीबाहेरची नदी

पप्पांना परग्रहांचे सिनेमे फार आवडायचे. बदलापूरच्या एका रंगाच्या कंपनीत ते शिफ्टला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांत केबलवर हिंदीत डब केलेला एखादा इंग्रजी सिनेमा लावून बसायचे. सिनेमात यान उडालं की ते पाय वर घेऊन मांडी घालायचे. विहारात वंदनेला बसताना घालायचे, अगदी तशीच. आई चिडवायची, "झालं, निघाले हे. कपडे वाळत घातलेत तेवढे आणा आणि मग जा कुठल्या चंद्रावर ते."

मला त्यात पप्पांइतका रस नव्हता. यानं म्हणजे मला मोठे मिक्सर वाटायचे. पण माझी दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात पप्पा मला उल्हासनगरच्या एका थिएटरला घेऊन गेले. "टीव्हीवर काय दिसतंय बाळा," म्हणाले, "हे मोठ्या पडद्यावर बघायचं असतं."

थिएटर जुनं होतं. भिंतीवरचे पंखे आवाज करत होते, पुढच्या रांगांतली पोरं शिट्ट्या मारत होती. पडद्यावर एक यान एका लहानशा ग्रहावर उतरलं आणि एक बाई एकटीच त्यातून बाहेर आली. तिनं पहिलं पाऊल टाकलं तशी धूळ उडाली. उडाली आणि उडालेलीच राहिली. बाई पुढे गेली, एका दगडाशी थांबली, तिनं वळून पाहिलं, तरी तिच्या पहिल्या पावलाची धूळ अजून हवेतच होती. अगदी सावकाश, जणू मनात नसताना, ती खाली येत होती.

पुढच्या रांगेतल्या शिट्ट्या कधी थांबल्या ते कळलं नाही.

पप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "ग्रह छोटा आहे ना. ओढ कमी असणार त्याची."

 बाई खरी नव्हती, ग्रह खरा नव्हता, हे मला माहीत होतंच. पण कुणीतरी, कुठेतरी बसून, त्या खोट्या ग्रहावरची धूळ किती हळू खाली यावी याचा विचार केला होता. नसलेल्या जागेचाही कायदा असतो आणि तो पाळावा लागतो, हे मला तेव्हा असं शब्दांत सांगता आलं नसतं. पण मी खुर्चीला घट्ट धरून बसले होते एवढं आठवतं.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. पडद्यावर मात्र नावं वर सरकत होती, शेकडो नावं. मी उठेचना. दारावरचा माणूस दोनदा येऊन "चलो, निकलो" म्हणून गेला.

"एवढ्या माणसांनी केला तो ग्रह?" मी विचारलं.

"एवढ्या माणसांनी," पप्पा म्हणाले. मग पडद्याकडे बोट करून, "बायकांचीपण नावं होती बघ त्यात."

बाहेर आल्यावर त्यांनी मला फालुदा खाऊ घातला. रस्त्यावर ट्रकमागून धूळ उडत होती आणि लगेच खाली बसत होती. मी खायचं विसरून त्या धुळीकडे बघत बसले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये थ्रीडी अ‍ॅनिमेशनचा क्लास लावला. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर क्लास. खालच्या मशिनींची घरघर दिवसभर पायांना लागायची. सर सिंधी होते. क्लास ही त्यांची दुपारची बाजू. सकाळी ते लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचे. नवरा-नवरी कॅम्प पाचच्या हॉलमध्ये उभे असायचे आणि सर त्यांच्यामागे बर्फाचे डोंगर लावून द्यायचे. त्यांचं मराठी अर्धं हिंदीत असायचं आणि फार आनंद झाला की एखादा सिंधी शब्द निसटायचा.

पहिले काही महिने आम्ही चौकोन, गोळे, पेले आणि दिवे करायला शिकलो. मग सर म्हणाले, आता प्रत्येकानं आपापलं जग करायचं, तेच परीक्षेचं काम. सगळ्यांनी यानं केली. मीही केलं. चकचकीत, टोकदार, मागून निळी आग सोडणारं. सरांनी ते फिरवून फिरवून पाहिलं.

"अच्छा आहे," ते म्हणाले. "यान तो सबका अच्छा आहे. पण हे जाणार कुठे? तिथे राहतं कोण?"

 घरी येताना वाटलं, मी त्या सिनेमातून यान तेवढं उचललं होतं. धूळ राहूनच गेली होती.

त्या पावसाळ्यात उल्हास नदी बदलापूरच्या मांजर्लीत शिरली.

मांजर्लीत माझी आत्या राहायची. पप्पांची मोठी बहीण. नदीजवळ तिचं बैठं घर होतं, तिनं आणि तिच्या यजमानांनी लग्नानंतर एकेक खोली वाढवत बांधलेलं. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. मामा शाळेत शिपाई होते आणि फार कमी बोलायचे. पाणी चढायला लागलं तसं शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी दोघांना वर ओढून घेतलं. गच्चीवरून त्यांनी आपल्या घराचे पत्रे पाण्याखाली जाताना पाहिले.

पाणी उतरल्यावर पप्पा आणि मी साफसफाईला गेलो. दार चिखलानं धरून ठेवलं होतं, ते पप्पांनी खांद्यानं ढकललं. आत फ्रिज पलंगावर आडवा झोपला होता. कुणाचीतरी अनोळखी स्टीलची टाकी आमच्या आत्याच्या ओट्यावर येऊन बसली होती. छताच्या पंख्याच्या पात्यांवर गवत अडकलं होतं, लांब, ओलं, एकाच दिशेला विंचरल्यासारखं. सिनेमातला कुठलाच ग्रह मला इतका अनोळखी वाटला नव्हता. मी त्या गवताकडे मान वर करून बघत राहिले. भीती वाटत होती आणि नजरही हलत नव्हती. एका नदीनं एवढं सगळं उचलून दुसरीकडे मांडून ठेवलं होतं.

मिक्सरच्या भांड्यात पाणी साचलं होतं आणि त्यात बोटाएवढा मासा फिरत होता. जिवंत. मामांनी ते भांडं उचललं, बाहेर गेले आणि मासा नदीत सोडून आले.

घराच्या भिंती फाटल्या होत्या. राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत्या आणि मामा अंबरनाथला, आमच्याजवळच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. पुढे घर पाडलं. आत्या बघायला गेली नाही. तिचे सगळे फोटो पाण्यात गेले होते. लग्नाचे, बारशांचे, घरभरणीचे, एकही उरला नाही.

एकदा आमच्याकडे लसूण सोलत बसली असताना ती आईला म्हणाली, "वहिनी, मला रात्री उठल्यावर कळत नाही बाथरूम कुठल्या बाजूला ते. पाय अजून मांजर्लीतच चालतात."

ते ऐकलं आणि मी दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊन सरांना सांगितलं, "सर, यान नको. मी एक घर करते."

"कोणाचं?"

"आता नाहीये ते," मी म्हटलं.

सरांनी पडद्यावरचं माझं यान बंद केलं. मग म्हणाले, "कर."

घर करायचं तर मापं हवीत. आत्याला मी विचारायला बसले, ओट्यापासून फ्रिज किती लांब होता? आत्या म्हणाली, "मी कधी मोजलं गं? ओट्यापाशी उभी राहून हात मागे केला की दार उघडायचं." मग मी टेपनं तिचा हात मोजला. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जाताना ती किती पावलं टाकायची ते तिला आमच्या पॅसेजमध्ये डोळे मिटून चालायला लावून मोजलं. चालताना एका ठिकाणी तिनं पाय जरा उंच उचलला. "हे काय?" मी विचारलं. तिलाच हसू आलं. "उंबरा," म्हणाली.

मागच्या दाराच्या रंगावरून दोघांचं भांडण झालं. मामा म्हणाले हिरवं, आत्या म्हणाली निळं.

"निळं मी स्वतः लावलं होतं, तुम्हीच तर ब्रश आणून दिलात."

"त्याच्या आत हिरवं होतं," मामा म्हणाले. "कडीपाशी निघालेला नव्हता का रंग?"

आत्या आठवत राहिली. "हो हो. कडीपाशी निघाला होता."

मी दार निळं केलं आणि कडीपाशी, बोटं लागून लागून झिजलेल्या जागी, हिरवं दाखवलं. सरांनी ते पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "ये किसने सोचा?"

"कुणी नाही सर. होतंच तसं."

बाहेरच्या खोलीत दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, असं आत्या म्हणाली होती. त्या तिरपेत मी धुळीचे कण सोडले. ते मी अगदी हळू केले, खऱ्याहून जरा जास्तच हळू. तिथे तेवढी सूट मी घेतली.

घरात चालता यावं अशी माझी फार इच्छा होती. नुसतं चित्र मला नको होतं. सरांच्या भाच्यानं एक मारामारीचा गेम आणला होता. त्यात आपण केलेली जागा घालता यायची आणि बाणांची बटणं दाबत तिच्यात फिरता यायचं. आम्ही आत्याचं घर त्यात घातलं. गेम चालू केला तर स्वयंपाकघराच्या मधोमध, माझ्यासमोर, एक भलीमोठी बंदूक. मी बंदूक घेऊन आत्याच्या ओट्यापाशी उभी! आम्ही इतके हसलो की खालच्या कारखान्यातला माणूस वर बघायला आला. बंदूक काढायला आठवडा गेला. त्यात लोडशेडिंग. काम रंगात आलं की दिवे जायचे आणि सर टेबलावर हात आपटायचे.

शेवटी एका दुपारी मी आत्याला क्लासवर घेऊन आले. पप्पा आणि मामाही आले. आत्या संगणकासमोर साडी सावरून बसली. मी तिचं बोट वरच्या बाणावर ठेवलं. "हे दाबलं की पुढे."

ती दाबायला घाबरत होती. मग दाबलं. दार जवळ आलं, आणि ती आत गेली.

 ती बाहेरच्या खोलीत गोल फिरली. पलंगापाशी गेली. उन्हाच्या तिरपेत उभी राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग तिनं ओट्याकडे तोंड केलं आणि, बटण दाबायचं सोडून, खरा उजवा हात मागे केला. फ्रिज उघडायला. हात सरांच्या खुर्चीला लागला तेव्हा ती दचकली.

सर हळूच उठले आणि त्यांनी खुर्ची मागे घेतली.

मला वाटलं, झालं. यापेक्षा मोठं काही मला आयुष्यात करता येणार नाही. तेवढ्यात आत्या ओट्यावरच्या खिडकीकडे वळली. खिडकीबाहेर मी सपाट निळं आभाळ लावलं होतं.

"नदी कुठाय?" आत्यानं विचारलं.

मी पप्पांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"नदी नाही केली आत्या."

"का गं?"

"तुला कसं वाटेल म्हणून." मी म्हटलं. "तिनंच तर नेलं सगळं."

आत्या खिडकीकडेच बघत म्हणाली, "अगं, एवढी वर्षं भांडी घासताना तिच्याकडेच बघत होते मी. सासूनं बोललं तरी तिच्याकडे बघायचे, पोरगं पास झालं तरी तिच्याकडेच. एक दिवस घरात आली म्हणून काय तिला हाकलून द्यायची?" मग माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "घर छान केलंस बाळा. पण आभाळाला लागून घर कुठं असतं का?"

परीक्षेचं काम जमा करायला थोडेच दिवस राहिले होते. सर म्हणाले, "पाणी सगळ्यात कठीण. मोठे मोठे लोक पाण्याला घाबरतात. सोच ले."

माझी पहिली नदी ताडपत्रीसारखी दिसत होती. दुसरी जेलीसारखी. पप्पांनी सीडी भाड्यानं आणायला सुरुवात केली. ज्यात ज्यात परग्रहावरचा समुद्र असेल, तळं असेल, ते सगळे सिनेमे. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो, पप्पा रिमोट घेऊन. पाणी आलं की थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा बघायचं. आई म्हणाली, "अख्खा सिनेमा बघाल का कधी?" असं बघता बघता एका दुपारी पप्पा म्हणाले, "हे पाणी काळं आहे आणि मघाचं लाल होतं. आपल्याला दोन्ही पाणीच कसं वाटतं?" आम्ही पुन्हा पाहिलं. पाण्याला स्वतःचा रंगच दिला नव्हता. आभाळ लाल तर लाल, कडे काळे तर काळं. ज्यांनी ते केलं त्यांनी पाणी रंगवलंच नव्हतं. त्यांनी आभाळ केलं होतं आणि पाण्याला ते दाखवलं होतं. दूरदेशी बसलेली ती माणसं आम्हाला कधी भेटणार नव्हती, पण त्या क्षणी मला वाटलं की ती मला शिकवतायत.

दुसऱ्या सकाळी मी आत्याला घेऊन मांजर्लीच्या काठावर गेले. घराच्या जागी मातीचा ढीग होता. आत्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नदीकडे तोंड करून बसली.

"कुठल्या महिन्यातली करू?" मी विचारलं.

तिनं बराच विचार केला. "जानेवारीतली कर. जानेवारीत ती शहाणी असते."

मी पाण्याकडे बघत बसले. पाहता पाहता दिसलं की वरच्या बारीक लाटा एका गतीनं सरकतात आणि त्यांच्याखालचा मोठा प्रवाह वेगळ्याच. दोन्हींचं एकमेकांशी काही देणंघेणं नसल्यासारखं, आणि तरी नदी एकच. क्लासवर येऊन मी लाटांची दोन चित्रं केली, एकावर एक ठेवली, दोघांना वेगळा वेग दिला. वर जानेवारीचं फिकट आभाळ लावलं, पलीकडे झाडांची हिरवी रेघ. आणि ओट्यासमोरच्या खिडकीत जाऊन उभी राहिले.

नदी वाहत होती.

मला हात लावायची भीती वाटली. हात लावला तर थांबेल असं वाटलं. मी सरांना हाक मारली. ते एका लग्नाच्या मिक्सिंगवर होते, नवरीच्या मागचे डोंगर तसेच सोडून आले आणि माझ्यामागे उभे राहिले.

"वरी साईं," ते म्हणाले. एवढंच. मग पडद्याजवळ वाकून, "ये तो सच में बह रही है."

आत्या दुसऱ्यांदा आली तेव्हा कुठेच फिरली नाही. सरळ ओट्यापाशी गेली आणि खिडकीत थांबली. आम्ही सगळे मागे उभे. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिचा चेहरा मोकळा झाला, दुपारची कामं आवरल्यावर बायकांचा होतो तसा. "हां," ती म्हणाली. "आता भांडी घासली तरी चालतील."

मग मामा म्हणाले, "मी बघू?"

मामा स्वतःहून काही मागताना मी प्रथमच ऐकत होते. ते खुर्चीत बसले, मागचं निळं दार उघडून बाहेर पडले आणि काठापर्यंत गेले. तिथून काठाकाठानं चालत राहिले. चालता चालता जमीन संपली. पुढे नुसता करडा रंग.

"पुढे काय आहे?" मामांनी विचारलं.

"पुढचं केलेलं नाही मामा."

"इकडे चिंच होती," ते म्हणाले. बोट त्या करड्या रंगावर टेकवून. "इकडे धुण्याचा दगड. त्याच्यापुढे पोरं उड्या मारायची." ते बोलत राहिले. इतकं बोलताना त्यांना आत्यानंही पाहिलं नसावं, कारण ती त्यांच्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. मी कागद शोधायला लागले तर पप्पा म्हणाले, "लिहू नको, ऐक."

ते घर दाखवूनच मला पुढे अंधेरीच्या एका स्टुडिओत काम मिळालं. गेमसाठी जागा करायचं काम. मी तिथे बर्फाचे देश केले, जळालेली शहरं केली, आणि एकदा खरंच दोन चंद्र असलेला ग्रह केला. तो पाहायला पप्पा शिफ्ट बदलून आले होते.

पहिल्या पगारानंतर घरी संगणक आला. मी त्यात मांजर्लीचं घर घालून ठेवलं. चिंच, दगड, पुढचं वळण, जसजसं मामांना आठवेल तसतसं सुट्टीच्या दिवशी वाढवत गेले. आत्या रविवारी यायची. आईशी गप्पा व्हायच्या, भाजी निवडून व्हायची, आणि मग ती पदराला हात पुसत उठायची.

"वहिनी, चहा टाक," म्हणायची. "मी जरा मांजर्लीला जाऊन येते."

आणि आई आतून, अगदी सवयीनं, विचारायची, "साखर किती घालू?"